फळी

सेक्टर पंधराचं समाजमंदिर, पहिला मजला,
मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सव्वासहा.
स्टेजवर परवाच्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं तशीच आहेत,
नवऱ्या मुलाच्या नावातला 'श्रे' गळून नुसतं 'यस' उरलंय.
त्याखाली प्रणिता मढवी उभी राहते,
घणसोली गावातली पोर,
कानाला माइक, कमरेला बांधलेलं लाल जाकीट.

आम्ही सत्तावीस. सव्वीस बायका,
आणि शेवटच्या ओळीत, खुर्च्यांच्या चळतीला लागून, मी.
डॉक्टर म्हणाले होते, चाला.
जन्मभर दुसरं काय केलं, मी म्हणालो.
सून म्हणाली, बाबा, एकच दिवस या माझ्याबरोबर.
त्या एका दिवसाचे आता पाच महिने झाले.

एकतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात टोळीत होतो.
मुकादमानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं,
मान ताठ, नजर समोर,
कंबर हलली की गोणी हलली,
गोणी हलली की माणूस गेला.

आणि ही म्हणते, "शेलारकाका, कंबर सोडा."
सोडा म्हणजे कुठं सोडू?
घर, दोन लग्नं, पाटणच्या शेताची मोजणी
सगळं जिच्यावर उचललं
ती अशी ऐनवेळी सोडायची?

पहिल्या आठवड्यात ती 'मेरेंगे' म्हणाली,
मला 'मरेंगे' ऐकू आलं,
आणि खोटं नव्हतं ते.
साल्सात सगळ्या उजवीकडं, मी डावीकडं.
आरशात एक म्हातारा दिसायचा, हातात अदृश्य आकडा धरलेला,
बोटं वळलेली,
जणू समोरून ट्रक येतोय.

मग घरी सराव.
दूध उतू जायची वाट बघत ओट्यापाशी,
एक, दोन, तीन, चौथ्याला थांब.
एक, दोन, तीन, थांब.
बायको दारात उभी. म्हणाली, "विंचू चावला का?"
दूध उतू गेलंच.

प्रणितानं एकदा गाणं बंद केलं,
माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली,
"काका, पाय नाचत नाहीत. वजन नाचतं.
एक पाय रिकामा होतो, एक भरतो.
कंबर आपोआप येते मागनं."

रिकामा. भरतो.
हे तर मला कुणी सांगायला नको होतं.

ट्रकपासून गाळ्यापर्यंत टाकलेली ती फळी आठवली,
मधोमध लवणारी.
नव्या पोरांचा तिथंच घोटाळा व्हायचा,
फळी वर येताना पाय टाकायचे आणि आपटायचे.
फळी खाली जाते, तेव्हा जायचं तिच्याबरोबर,
वर येते, तेव्हा तिनंच उचलायचं तुम्हाला.
पन्नास किलो डोक्यावर, आणि खाली
गुडघे मऊ, टाच अलगद,
आणि कंबर?

कंबर हलत होती, मुकादम.
एकतीस वर्षं हलत होती,
तुम्ही वर गोणीकडं बघत होता.

गाणं पुन्हा लागलं. कुंबिया.
हॉलच्या फरशीखाली मी माझी फळी टाकली
आणि निघालो.
एक पाय रिकामा, एक भरलेला,
डोक्यावर काहीच नाही.
हे डोक्यावर काहीच नसणं
सवयीचं व्हायला मात्र वेळ लागतोय,
मान अजून आपोआप ताठ होते,
हात अजून मधूनच वर जातो, काहीतरी सावरायला.
प्रणिता म्हणते, छान आहे तो हात, ठेवा तसाच.
आता पुढच्या ओळीतल्या कुरुविलाबाईही तसा हात वर नेतात.
त्यांना वाटतं, ती स्टेपच आहे.

गिरकी अजून जमत नाही.
शनिवारी सगळ्या एका बाजूला वळल्या, मी दुसऱ्या,
आणि सव्वीस जणींच्या समोर एकटाच पहिल्या ओळीत आलो.
मागं वळावं, की थांबावं?
चौथा ठोका होता.
थांबलो.
पाचव्याला त्या माझ्याकडं बघून निघाल्या.